नऊ मोटारी आणि एक गिटार

तो ॲम्प मला फुकट मिळाला, पण एका अटीवर. दिवस मावळल्यावर तो लावायचा नाही.

देणारे काका सांगलीचे. माझं माहेर सांगलीत, आणि काका आमच्या मागच्या गल्लीतले हळदीचे व्यापारी. जैन माणूस, वय पंच्याहत्तरीच्या पुढं, पांढरा शर्ट, पांढरं धोतर आणि दोन्हींवर कायम हळदीची पिवळी झाक. त्यांचा धाकटा भाऊ तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मी कॉलेजात असताना गिटार शिकले आणि लग्नानंतरही सोडली नाही, हे काकांना कुणीतरी सांगितलं असणार. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला माहेरी गेले, तर त्यांनी मला गोडाऊनवर बोलावून घेतलं. हळदीची पोती सरकवून एक लाल रेक्झिनचं खोकं बाहेर काढलं, गिटारीचा आवाज मोठा करायचा ॲम्प. पुढं जाळी, मागून उघडं, आत पाच काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे. सांगलीतल्याच एका रेडिओ मेकॅनिकनं तो भावासाठी हातानं बांधला होता.

"भंगारात घालवत नाही," काका म्हणाले. "आणि इथं ठेवून तरी काय करू? तू ने. पण दिवस मावळायच्या आत बंद करायचा."

"का हो काका?"

"आत काचा पेटतात की गं. उजेडाला किडे येतात, तापल्या काचेवर बसतात आणि मरतात. आमच्या आईनं भावाला सांगितलं होतं, काय वाजवायचं ते वाजव, पण दिवसाउजेडी वाजव. त्यानं शेवटपर्यंत पाळलं."

"पण ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम तर रात्री असायचे."

"तिथं तो दुसऱ्याचा ॲम्प घ्यायचा."

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. दुसऱ्याच्या ॲम्पवर किडे मरत नव्हते का, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण काका इतक्या गंभीरपणे बघत होते की मी तो गिळला आणि कबूल झाले. माझ्या भावानं गाडीतून ते खोकं कोरेगावला आणून सोडलं.

आम्ही कोरेगावच्या बाहेर रानात राहतो. नवरा फौजेत, तेव्हा लांब पोस्टिंगला. घरात मी, सासू आणि सासरे. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मामा फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते, आणि तरुणपणी त्यांनी व्हॉल्व्हचे वायरलेस सेट दुरुस्त केले होते. घरी आल्यावर तीस वर्षं त्यांनी ऊस लावला. त्या तीस वर्षांत त्यांना कुणीही व्हॉल्व्हबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

त्यांनी खोक्याच्या आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग आत्यांना हाक मारली.

"आगं, हिकडं ये. बघ तर खरं, कोन आलंय."

आत्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, ओसरीवर बघितलं, मग अंगणात बघितलं.

"कुठं हायत पावणं? च्या ठिऊ का?"

मामांनी व्हॉल्व्हकडं बोट दाखवलं. आत्यांनी चहा ठेवला, पण तीनच कप.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले, आणि त्यातला पहिला आठवडा खिशात गेला. झालं असं, की असा सेट उघडल्यावर एका हातानंच काम करायचं आणि दुसरा हात खिशात ठेवायचा, असा मामांचा फौजेतला नियम होता. बंद सेटच्या आतही करंट साठून राहतो. दोन्ही हात आत असले, तर तो एका हातातून शिरतो आणि काळजावरनं दुसऱ्या हातातून बाहेर जातो. मामांच्या लेंग्याला खिसा नव्हता. मी म्हटलं, दुसरा हात पाठीमागं धरा. ते म्हणाले, "मागं धरल्याला हात पुढं येतो. खिशातला येत न्हाई." शेवटी आत्यांनी लेंग्याला खिसा शिवून दिला, घरात उरलेल्या ब्लाउजपीसचा, पोपटी आणि बुट्टीचा. मग काम सुरू झालं.

दोन व्हॉल्व्ह मेलेले होते. ते आता दुकानात कुठले मिळायला? पण मामांचा सिग्नलमधला एक दोस्त उंब्रजला होता. मी आणि मामा त्याच्याकडं गेलो. त्यानं कपाटातून पत्र्याची पेटी काढली. पेटीत त्याची मेडलं होती, आणि मेडलांखाली एक लोकरीचा मोजा. मोज्यात चार व्हॉल्व्ह. का ठेवलेत म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "कवा कुनाला लागतील म्हून." तो मोजा आमच्या हातात देताना त्याचा चेहरा मुलगी सासरी धाडताना होतो तसा झाला, आणि त्याच्या बायकोनं मला हळदी-कुंकू लावलं.

पहिल्यांदा लावला ती दुपार रविवारची होती. मामांनी बटण दाबलं आणि हात वर करून मला थांबवलं. सेट गरम झाल्याशिवाय त्याच्याशी बोलायचं नाही. दोन मिनिटं आम्ही तिघं त्या खोक्यासमोर आरतीला उभं राहावं तसे उभे होतो. काचांच्या आत बारीक केशरी तारा उजळल्या. तापलेल्या धुळीचा आणि थोडासा हळदीचा वास आला. मग मी एक सूर छेडला.

त्या आवाजाचं नेमकं सांगणं मला अजून जमत नाही. तोवर माझ्याकडं प्लॅस्टिकचा एक छोटा ॲम्प होता. त्यात तार छेडली की आवाज यायचा आणि संपायचा, ताटलीवर चमचा आपटावा तसा. ह्या खोक्यात तोच सूर आधी जरा मागं रेलला आणि मग पुढं आला. हलकं वाजवलं तर तो स्वच्छ असायचा. जोरात वाजवलं की मोठा व्हायच्या ऐवजी दाट व्हायचा. दूध उतू जायला वर यावं आणि पातेल्याच्या काठाशीच थांबून राहावं, तसा. बोटाचा दाब थोडा बदलला की लगेच त्याला कळायचं. मी कंटाळून वाजवलं की तो कंटाळलेला वाटायचा. इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्याकडं एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि जुन्या सवयीनं शेरा दिला, "आवाज साफ." आत्या म्हणाल्या, "घसा बसल्यावानी वाटतोय, पर गोड हाय."

अडचण पुढच्या आठवड्यात सुरू झाली. तीच गिटार, तोच ॲम्प, सगळी बटणं तिथंच, आणि आवाज कोरडा ठणठणीत. दुसऱ्या दिवशी परत गोड. आधी मला वाटलं माझेच हात बिघडलेत. मग मी गणिताच्या माणसानं करावं ते केलं, वहीत तक्ता आखला. तारीख, वेळ, हवा, तारा जुन्या की नव्या, माझी झोप. दोन आठवडे नोंदी केल्या आणि काहीच जुळलं नाही. मामा शेजारी बसून वही बघत होते. ते म्हणाले, "ह्ये समदं लिवलंस, पर वर बल्ब बघितलास का?"

मी वर बघितलं. बल्ब पिवळा, मिणमिणता होता. आवाज त्या वेळी गोड येत होता.

मामांनी मीटर लावला. एकशे सत्त्याऐंशी व्होल्ट. तासाभरानं बल्ब लख्ख झाला, मीटर दोनशे बत्तीसवर गेला आणि आवाज कोरडा पडला.

"व्होल्टेज पडलं की व्हॉल्व्ह दमतो," मामा म्हणाले. "आन् दमल्याला गडी कसा, मनापास्नं बोलतो."

आमचं घर आणि आजूबाजूच्या विहिरींवरच्या नऊ मोटारी, सगळे एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर. उसाला पाणी सोडायला मोटारी चालू झाल्या की आमच्याकडं व्होल्टेज पडायचं. इतकी वर्षं आम्ही त्याला शिव्या घालत होतो. फ्रिज बंद पडायचा, मिक्सर रडायचा. आता कळलं की माझ्या गिटारीला गळा त्या नऊ मोटारी देत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी टोपी घातली, सायकल काढली आणि नऊच्या नऊ जणांकडं जाऊन आले. पहिल्या घरी मीही बरोबर होते, म्हणून काय बोलणं झालं ते मला माहीत आहे.

"आयतवारी चार ते पाच मोटार चालू ठेवायची," मामा म्हणाले.

"चालू ठिवू की. उसाला पानी लागतंच. पर का वो हवालदार?"

"सूनबाई गिटार वाजवत्यात."

त्या माणसानं आधी मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हंजी आमची मोटार आन् त्यांचं गिटार, ह्येचा संबंध काय?"

"लोड," मामा म्हणाले.

"बरं."

आमच्या भागात फौजेतून आलेल्या माणसानं ठासून एक इंग्रजी शब्द उच्चारला की पुढं कुणी विचारत नाही. नऊही जण तयार झाले.

त्या हिवाळ्यात दर रविवारी चार वाजता रानात एकामागून एक मोटारी घरघरायला लागायच्या, बल्ब पिवळा पडायचा आणि मी वाजवायला बसायचे. नवरा फोनवर म्हणाला, "थांब, तू वाजवायला लागलीस की मोटारी चालू होतात?" मी म्हटलं, "उलट. मोटारी चालू झाल्या की मी वाजवते." तो म्हणाला, "बाबांना फोन दे." मामांनी फोन घेतला, "तू तुज्या पोस्टिंगचं बघ," असं म्हणाले आणि मला परत दिला.

मग मानापमान सुरू झाले. खालच्या मळ्यातल्या दादांची मोटार साडेसात हॉर्सपॉवरची. ते पारावर सांगायला लागले की वहिनींचा आवाज जो दाट येतो तो आपल्या मोटारीमुळं, बाकीच्या नुसत्या जोडीला. ओढ्याकाठच्या एका शेतकऱ्याची मोटार तीनची. त्याला ते फार लागलं. तो आमच्याकडं आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "वैनी, येकदा निस्ती माजी मोटार लावून वाजवा. मला ऐकायचंय."

मी वाजवलं. त्याच्या एकट्या मोटारीनं व्होल्टेज जेमतेम चार-पाचनं पडलं होतं. फरक काहीच नव्हता. पण तो इतका कान देऊन बसला होता की तोंडावर सांगवेना.

"वरच्या तारा गोड लागतात," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गावात जाहीर झालं की खालच्या तारा दादांच्या आणि वरच्या तारा ओढ्याकाठच्या. उरलेल्या सात जणांनी मग मधल्या दोन तारांची वाटणी मागायला सुरुवात केली. ती मामांनी कशी मिटवली मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

सांगलीचे काका अधूनमधून संध्याकाळी फोन करायचे. "बंद केलास ना?" एवढंच विचारायचे. मी हो म्हणायचे. मार्चमध्ये एकदा म्हणाले, "मला ऐकायचाय गं. ह्या रविवारी येतो."

त्या रविवारी गावात लग्न होतं. वाजंत्र्यांपासून वाढप्यांपर्यंत सगळं गाव मंडपात, आणि नऊच्या नऊ मोटारवालेही. हे आमच्या लक्षात आलं ते काका ड्रायव्हरला घेऊन दारात उतरल्यावर. मामांनी मीटर बघितला. दोनशे तीस. बल्ब लखलखीत.

काका खुर्चीत बसले. ॲम्पच्या रेक्झिनवरून त्यांनी एकदा हात फिरवला. मी वाजवलं. आवाज कोरडा, सरळ, शाळेतल्या कवायतीसारखा.

"चांगलं वाजवतेस," काका म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "पण भावाचा असा नव्हता. माझ्याच कानाला झालं असेल काहीतरी. वय झालं."

मामा उठले आणि फोन घेऊन अंगणात गेले. "मंडपातनं भाईर ये," एवढंच मला ऐकू आलं, लागोपाठ नऊ वेळा.

पंधरा-वीस मिनिटांनी मी खिडकीतून बघितलं, तर बांधावरून फेटेवाले धावत होते. गुलाबी फेटे, पांढरे कपडे, कपाळाला गंध, कुणाच्या हातात अजून अक्षतांचा पुडा. जो तो आपापल्या विहिरीकडं निघालेला. काकांनीही बघितलं.

"हे कोण?"

"मोटारवाले," मी म्हणाले.

काकांनी पुढं काही विचारलं नाही. मला वाटतं, दुसऱ्याच्या गावच्या चालीरीतींत बोलू नये असं त्यांना वाटलं असावं.

पहिली मोटार घरघरली. मामा मीटरजवळ उभे राहून आकडे सांगत होते. "दोनशे बावीस... दोनशे अकरा..." मी वाजवत राहिले. दोनशेच्या खाली उतरलं तसा आवाज मऊ पडत गेला, तारेतून खर यायला लागली. एकशे नव्वदला दादांची साडेसातची सुरू झाली असावी, कारण बल्बनं एकदम मान टाकली. काकांनी हात वर केला.

"थांब. आता ते पहिलं परत वाजव."

मी वाजवलं. काका पुढं वाकून ऐकत होते. मी थांबले तरी सरळ बसले नाहीत.

"हाच," ते म्हणाले. "हाच त्याचा. पण हे कसं केलंत तुम्ही?"

मामांनी व्होल्टेजचं सगळं समजावून सांगितलं. काकांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आमच्या गोडाऊनात खाली हळद पॉलिश करायचा मोठा ड्रम होता. भाऊ वर माडीवर बसायचा. ड्रम फिरायला लागला की हा वाजवायला लागायचा. ड्रम थांबला की हा थांबायचा. आम्ही त्याला किती चिडवलं असेल! आम्हांला वाटायचं, लाजतो. आपलं वाजवणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ड्रमच्या आवाजात लपतो. आईनं तर कितीदा सांगितलं, अरे आम्हांला ऐकू दे की कधी. तो नुसता हसायचा."

ॲम्पकडं बघत ते म्हणाले, "म्हणजे तो लाजत नव्हता."

"अजिबात न्हाई," मामा म्हणाले. "त्यो लोड वापरत हुता."

काकांनी चष्मा काढून पुसला. मी परत वाजवायला लागले, आणि बराच वेळ वाजवलं. त्या नादात मोटारी बंद करायला सांगायचं राहून गेलं. फेटेवाले नऊ जण, आपलं काम नीट पोचलं का ते बघायला, आमच्या ओसरीवर येऊन बसले होते. त्यांनी काकांना ओळीनं नमस्कार केला. ओढ्याकाठच्यानं सांगितलं, "वरच्या तारा आमच्या." काकांनी त्यालाही हात जोडले.

इकडं पाणी उसात मावेना झालं आणि गाडीवाटेवर आलं. काका निघायला उठले तेव्हा त्यांची गाडी मागच्या दोन्ही चाकांनी चिखलात रुतली होती. ड्रायव्हरनं जोर लावला तशी ती आणखी बसली. सूर्य खाली आलेला. काका दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, आणि सांगली दोन-अडीच तासांच्या वाटेवर. आत्यांच्या हे आधी लक्षात आलं. पण घरातल्या प्रत्येक कालवणात कांदा नाहीतर लसूण. त्यांनी घाईनं मुगाचं साधं वरण शिजायला टाकलं आणि भाकऱ्या थापायला बसल्या. मी दारात उभी राहून सूर्य किती उरलाय ते त्यांना सांगत होते.

"अजून हातभर आहे, आत्या."

"तुजा हात का माजा? नीट सांग की."

काका ओसरीवर पाटावर बसून वरण-भाकरी आणि दूध जेवले, एक डोळा पश्चिमेकडं ठेवून. त्यांच्यासमोर अंगणापलीकडं नऊ फेटे गाडीला खांदा देत होते आणि दादा ट्रॅक्टर आणायला गेले आहेत की नाही यावर भांडत होते. दादा त्यांच्यातच होते. शेवटचा घास आणि सूर्य एकदमच गेले. काकांनी हात धुतले आणि समाधानानं म्हणाले, "वेळेत झालं."

ट्रॅक्टर आला, गाडी निघाली. काकांच्या धोतरावर हळदीच्या जागी आता आमच्या मळ्यातला चिखल होता. गाडीत बसताना त्यांनी मामांचा हात बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं होतं, ॲम्प परत मागतील. तसं काही म्हणाले नाहीत.

त्या लग्नात वीज ऑफिसचा वायरमनही जेवायला होता. नऊ माणसं अक्षता टाकायच्या ऐवजी मोटारी चालू करायला का धावली, याची त्यानं चौकशी केली. त्याला कुणीतरी सांगितलं, हवालदारांच्या घरी व्होल्टेजचा प्रश्न आहे. माणूस कामसू. दीड महिन्यात आमच्याकडं नवा, मोठा डीपी बसला. नऊ मोटारी एकदम लावल्या तरी दोनशे चाळीस. फ्रिज खूष, मिक्सर खूष. माझी गिटार परत कवायत करायला लागली.

मामांनी अर्ज लिहिला. "विषय : व्होल्टेज कमी करून मिळणेबाबत." वीज ऑफिसात मी बरोबर गेले. साहेबांनी अर्ज वाचला, उलटून मागं बघितलं, परत वाचला.

"कमी?" ते म्हणाले.

"पन्नासनं तरी," मामा म्हणाले.

साहेबांनी चहा मागवला. आम्ही तिघं चहा प्यायलो. मग त्यांनी अर्जाची घडी घालून मामांच्या हातात परत ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "हवालदार, हे लेखी देऊ नका. लोक म्हणतील आम्हीच तुमच्याकडनं लिहून घेतलं."

परतीच्या वाटेवर मामांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. सिग्नलच्या माणसाला लांबलचक वायर टाकायला कारण मिळालं की त्याला थांबवणं कठीण. त्यांनी घरापासून आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपर्यंत रानातून बारीक वायर नेली. लांब आणि बारीक वायरीतून जास्त करंट ओढला की दुसऱ्या टोकाला व्होल्टेज पडतं. करंट ओढायला त्यांनी पाण्याचा हीटर आणला आणि बादलीत सोडला. कमी पडलं तेव्हा आत्यांची इस्त्री जोडली. मीटर एकशे अठ्ठ्याऐंशीवर आला.

तेव्हापासून मी रविवारी तिथं वाजवते. दुपारची चारची वेळ अजून तीच. खोलीत पाइपांचा आणि ओल्या सिमेंटचा वास असतो, बाहेर ऊस सळसळतो, आणि आवाज असा येतो की हात थांबत नाहीत. दोन गाणी झाली की बादलीतलं पाणी कढत होतं. मग मामा हीटर काढतात आणि हौदाजवळ आंघोळीला बसतात. हीटर निघाला की व्होल्टेज चढतं, म्हणून तिसऱ्या गाण्याला दुसरी बादली लागते. ती भरून आणायचं काम आत्यांचं. त्या बादली ठेवतात, मीटर वाचतात आणि मला म्हणतात, "हं, वाजीव आता."